शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी

मराठी मुलखात आजवर एकही लॉज गावाच्या कडेला बांधलेला नाही. खोटं वाटत असेल तर कुठल्याही लॉजचं कार्ड काढून बघा. नावाखाली 'शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी' असतंच, आणि त्याखाली 'बसस्थानक व रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर'. हाक कोणी मारायची, केवढ्यानं मारायची आणि ती ऐकून कोण येणार, याचा खुलासा नसतो. लग्नपत्रिकेतल्या 'श्रीकृपेकरून'ची जशी कोणी उलटतपासणी घेत नाही, तसंच हेही वाचून पुढं जायचं असतं.

आमचे मेहुणे पुढं गेले नाहीत. ते बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि छापलेल्या प्रत्येक शब्दावर त्यांचा विश्वास किंवा अविश्वास असतो. मधलं काही नसतं. मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन वाघ बघायचा हे त्यांनीच ठरवलं, लॉजही त्यांनीच शोधला. मग नकाशा छापून आणला, लॉजच्या जागी कंपासचं टोक रोवलं, वर्तुळं काढली आणि कागद लॅमिनेट केला. तीस किलोमीटरचं ताडोबाचं, ऐंशीचं गडचिरोलीचं, त्याच्याही बाहेर हेमलकशाचं. "हॉटेल मध्यवर्ती आहे, भावोजी," ते म्हणाले, "म्हणजे रोज एक वर्तुळ." भूमितीत हे बरोबरच होतं. पण भूमितीच्या वहीत मधे जंगल लागत नाही.

मी काही बोललो नाही, कारण माझी अडचण निराळी होती. मी मूळचा चंद्रपूरचाच. नुसता चंद्रपूरचा नाही, पठाणपुऱ्याचा, म्हणजे परकोटाच्या आतला. आईला पुण्याला आणलं तेव्हा घराला कुलूप लागलं. मग कुलपाला गंज लागला, आणि शेवटी घराला गिऱ्हाईक लागलं. ज्या गावात आपण चड्डी सावरत शाळेत गेलो, त्या गावात लॉजवर उतरायचं, हे मला सासरी जाऊन पाहुण्यांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटत होतं. पण मेहुण्यांनी आगाऊ पैसे भरले होते, आणि ऑडिटरचे आगाऊ भरलेले पैसे बुडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. कपाळाला गंध, डाव्या गालात खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला आमच्याकडचा राष्ट्रीय पदार्थ. तो तोंडात असला की माणूस हनुवटी वर करून, खालचा ओठ वाटीसारखा धरून बोलतो. त्यामुळे मुलगा आमच्याशी बोलत होता, पण बघत छताकडे होता.

"आधार द्या जी," तो छताला म्हणाला.

मला भरून आलं. आयुष्याच्या ह्या टप्प्यावर इतक्या सरळ शब्दांत आधार मागणारं कोणी भेटत नाही. बायकोनं कोपर मारल्यावर मी कार्ड काढून दिलं.

त्याच्या डोक्यामागं दोन पाट्या होत्या. एक, 'आपल्या मौल्यवान वस्तू आपण सांभाळाव्यात.' दुसरी, 'स्थानिक रहिवाशांना रूम मिळणार नाही. हुकमावरून.' रजिस्टरात रकाने होते: नाव, कायमचा पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण. वरच्या ओळींत कारणं लिहिलेली होती. टायगर. टायगर. लग्न. वेकोलि (कोळसा खाण) काम. टायगर. कोर्ट. टायगर. मी पेन उचललं, थोडं घुटमळलो आणि 'पर्यटन' असं लिहून टाकलं. कोण विचारतंय.

खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर. मेहुण्यांनी सवयीनं खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"ही कसली धूळ?"

"कोळसा," मी म्हणालो. "शहराच्या उशाला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, दादा. वीज तुमच्याकडं जाते, कोळसा इथं राहतो. तुम्ही पुण्यात पंखा लावता ना, त्याचं हे बिल."

मेहुण्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि पंख्याचा वेग एकनं कमी केला. हिशेबाचा माणूस.

मे महिन्यात चंद्रपूरला पंख्याचा तसाही उपयोग नसतो. पारा ४५च्या पुढं गेला की पंखा फक्त गरम हवेची फिरवाफिरव करतो. बाहेर ४७ होतं. आमच्याकडं ४७ हा आकडा तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. मुलाला ४७ टक्के मिळाले तर गप्प बसणारा बाप हा ४७ मात्र चारचौघांत सांगतो. एसी होता, पण वीज गेली तेव्हा मुलानं शेजारच्या गच्चीतून टाकीएवढा कूलर आणून दारात उभा केला. जनरेटरवर तो सुरू झाला आणि ओल्या गवताचा वास आला. ह्या वासानं विदर्भातला कुठलाही माणूस सात वर्षांचा होतो. मी झालो. मेहुण्यांना शिंका आल्या.

आता 'मध्यवर्ती'बद्दल. आमच्या भागाला ह्या शब्दाचं कौतुक आधीपासूनच आहे. देशाचा मध्य म्हणून सांगितला जाणारा झिरो माइलचा खांब नागपुरात, इथून दीडशे किलोमीटरवर. देशाच्या मधोमध असलेला हा प्रदेश राज्याच्या मात्र पार टोकाला. मुंबई नऊशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद त्याच्या निम्म्याहूनही जवळ. म्हणजे दिल्लीच्या दृष्टीनं आम्ही बेंबीपाशी आणि मुंबईच्या दृष्टीनं करंगळीच्या नखापाशी. एवढ्या ताणानं कोणाचाही तोल जाईल, म्हणून लॉजवाले 'मध्यवर्ती' लिहून आपला तोल सांभाळतात.

त्यातून चंद्रपूर वसवलं कसं, ती कथा ऐकण्यासारखी आहे. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा, अंगभर फोडांनी हैराण झालेला. झरपट नदीच्या डोहातलं पाणी लावलं आणि तो बरा झाला. अचलेश्वराचं देऊळ आहे तीच जागा. पुढं त्याच रानात त्यानं एक नवल पाहिलं. ससा त्याच्या कुत्र्याच्या मागं लागला होता! कुत्रा पुढं, ससा मागं, गोल गोल, मधेच वाकडातिकडा. राणी शहाणी होती. ती म्हणाली, हे जागेचं तेज. ससा जिथून धावला तिथून कोट बांधा. बांधला. सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे. खिडक्यांमध्ये हनुमान, विठोबा, बगड आणि मसान यांच्या जोडीला एक चोर खिडकी. चोरांची सोय अधिकृतपणे नकाशावर दाखवणारं दुसरं नगरनियोजन माझ्या ऐकण्यात नाही.

पण कथेचा खरा पुरावा रस्त्यावर मिळतो. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत आजही वाहन चालवणारा प्रत्येक जण सशामागं लागल्यासारखा किंवा ससा मागं लागल्यासारखा चालवतो. आम्ही पहिल्याच संध्याकाळी गांधी चौकातून रिक्षा केली. जटपुरा गेटातून बाहेर पडायचं होतं.

"किती वेळ लागेल?" मेहुण्यांनी घड्याळ पुढं केलं.

"पाच मिनिटं बी नाही लागत जी."

ते खरंच होतं. गेटापर्यंत पाच मिनिटं लागली नाहीत. गेटात पंचवीस लागली. हत्ती जाईल एवढा दरवाजा राजानं बांधला, तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे त्याची वीटही हलत नाही आणि त्याच्यातली गाडीही. आमच्या पुढं सिलिंडरचा टेम्पो, मागं नवरदेवाची वरात, डावीकडं गाय. वरातीतला बँड अडकल्या जागी वाजवत राहिला. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, खर्रा काढला, घोटला आणि सावकाश म्हणाला, "बाहेरचे दिसता जी?"

मी गप्प बसलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती मूळची डोंबिवलीची. गर्दीत अडकून पडण्याचा तिचा अनुभव मोठा आहे, पण नवऱ्याला त्याच्याच गावात 'बाहेरचे' म्हटलेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. तिला ते फारच आवडलं.

मेहुण्यांच्या वर्तुळांना पहिला तडा गेला तो मंगळवारी. ताडोबाचा बेत मंगळवारचा होता आणि मंगळवारी ताडोबाचा कोअर भाग बंद असतो. लॅमिनेट केलेल्या कागदावरचा बेत बदलता येत नाही, हे लॅमिनेशनचं मोठं वैगुण्य आहे. "वाघाची साप्ताहिक सुट्टी," मी म्हटलं. मेहुण्यांनी वाघाच्या नावापुढं फुली मारायचा प्रयत्न केला, पेन घसरलं.

मग तो दिवस गावातच गेला. महाकालीचं देऊळ पाहिलं. चैत्रात इथं नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून माणसांचा लोंढा येतो. गोंड राणी हिराईनं हे देऊळ बांधवलं, नवरा बीरशहा गेल्यावर अचलेश्वराजवळ त्याची समाधीही बांधवली. ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला. चंद्रपुरात बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं. हे मी मेहुण्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगितलं. वहिनींनी मेहुण्यांकडं नीट निरखून पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत.

लालपेठ भागात रायप्पा नावाच्या श्रीमंत माणसानं घडवून घेतलेल्या प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर पडल्या आहेत. त्याला मोठं देऊळ बांधायचं होतं, ते राहून गेलं. दहा तोंडांची दुर्गा आडवी पडून शेकडो वर्षं आभाळाकडं बघते आहे. लोक तिला बिनदिक्कत रावण म्हणतात. मेहुण्यांनी सगळ्या मूर्तींना फेरी मारली आणि म्हणाले, "काम अर्धवट, खर्च पूर्ण." ऑडिटरचं एवढं संक्षिप्त रसग्रहण मी दुसरं ऐकलेलं नाही. परकोटाचं मात्र बरं चाललंय. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी त्याच्यावरचा झाडोरा आणि कचरा काढून बुरूज मोकळे केले. लहानपणी आम्ही ज्या कोटावर काट्यांतून चढायचो, तिथं आता लोक टी-शर्ट घालून फिरायला जातात.

ह्या भागात फिरताना नावांचा एक घोळ समजून घ्यावा लागतो. इथं प्रत्येक गावाला दोन नावं असतात, एक कागदावर आणि एक तोंडात. चांद्याचं चंद्रपूर साठच्या दशकात झालं, पण 'चांदा फोर्ट' हे स्टेशन अजून आहे; ते गोंदियाच्या लाइनीवर, दिल्ली-चेन्नईच्या लाइनीवरचं चंद्रपूर वेगळं. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशाह. गाव भद्रावती, तोंडात भांदक. देसाईगंज विचारलं तर लोक विचार करतात, वडसा म्हटलं की बोट दाखवतात. गडचिरोली जिल्ह्यातलं हे रेल्वेचं गाव. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे ह्याच जंगलपट्ट्यातली, नाटकं इथून निघतात आणि गावोगावी रात्रभर चालतात.

आणि एक गाव आहे 'मूल'. चंद्रपूरहून साधारण ४५ किलोमीटर. गुरुवारी मी हट्टानं सगळ्यांना एसटीनं नेलं. गाडी भरलेली, कंडक्टर गर्दीत. मेहुण्यांनी नोट पुढं करून खणखणीत आवाजात सांगितलं, "चार मूल!"

कंडक्टरनं आम्हा चौघांच्या वयाकडं बघितलं. "हाफ का फुल?"

मागच्या बाकावरच्या आजी मात्र गंभीर होत्या. त्यांनी वहिनींच्या हातावर हात ठेवला. "चार हायेत का वं बाई? बरं हाय. आमाले आठ होती."

पण मी गुरुवारवर आधी आलो. बुधवार राहिलाच.

बुधवारी पहाटे साडेतीनला उठलो. सकाळची फेरी उजाडता सुरू होते, मोहर्लीच्या गेटावर त्याआधी पोचावं लागतं. निघण्यापूर्वी काउंटरवरच्या मुलानं पोहे आणले. त्याला आम्ही आवडलो होतो की मेहुण्यांचा धाक वाटत होता, कोण जाणे.

"सांबार टाकू का जी वरून?"

मेहुणे दचकले. "पोह्यांवर सांबार?"

"मस्त लागते."

"नको, नको! कोरडेच राहू देत."

मुलगा हिरमुसला. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी सांगायला हवं होतं. पण गावात बाहेरचा ठरल्यावर माणूस जरा सूड घेतो.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. त्याच्या आधी ते तारूचं होतं. तारू हा गावचा गोंड प्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. वाघाकडून मारल्या गेलेल्या माणसाच्या नावानं वाघांचं रान ओळखलं जातं, हे मला नेहमी न्यायाचं वाटत आलंय. गेटावर मोबाइल काढून ठेवावे लागले. मेहुण्यांनी फोन दिला तेव्हा त्यांचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता. नकाशा लॉजवर राहिलेला, फोन गेटावर. जिप्सीत आम्ही चौघं, वर दोन अनोळखी पाहुणे, पुढं ड्रायव्हर आणि गाइड. पहिल्यांदाच मेहुण्यांना आपण कुठं आहोत ते माहीत नव्हतं.

गाइडनं वाटेवरचा ठसा दाखवला. ओल्या वाळूत ताटलीएवढा. "आत्ताच गेला, साहेब."

पुढच्या वळणावर, "काल हिथंच बसला होता."

पाणवठ्यावर, "परवा तीन बछडे होते."

ताडोबातला वाघ कायम भूतकाळात असतो. चितळानं हाक दिली, वानरं झाडावर खेकसली, गाइडनं हात वर केला, सहा जणांनी श्वास कोंडला. झाडीतून काहीतरी मोठं, काळपट निघालं.

"सांबर!" गाइड कुजबुजला.

"कोथिंबीर?" वहिनी म्हणाल्या. त्यांना तोवर कोणीतरी सांगितलं होतं.

एवढं हसू फुटलं की सांबरानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं आणि तुच्छतेनं निघून गेलं. त्याच्यामागून जो कोणी येत असेल तोही बहुधा परत फिरला. रानगवे दिसले, अस्वलाचा मागचा भाग दिसला, मोर तर वैताग येईपर्यंत दिसले. वाघ दिसला नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मेहुण्यांनी हे दुःख सांगितलं. शेजारी थर्मलमधून ड्युटी संपवून आलेला एक जण उभा होता, हेल्मेट हातात.

"पैशे देऊन गेल्ते वाघ पाहाले?" त्यानं विचारलं. "आमच्या ऊर्जानगराकडं फुकट येते. मी रोज गाडीवर निघतो, महाकालीले म्हणतो, माय, आज दिसू देजो नको."

हसू आलं, आणि मग आलं नाही. औष्णिक केंद्राच्या झुडपांत, कोळशाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांत वाघ राहतात हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा महिना. आम्ही जिप्सीत बसून ज्याची वाट बघत होतो, त्याच्याच भीतीनं पहाटे पानं तोडायला निघालेल्या बाया जंगलात एकमेकींना हाका मारत राहतात. दर उन्हाळ्यात त्यातली एखादी घरी येत नाही. वाघ बघण्याच्या तिकिटाला दर असतो. वाघ न दिसण्याला नवस.

मेहुण्यांनी चहाचे पैसे त्या माणसाचेही दिले. हिशेबात ते कुठं धरले, मी विचारलं नाही.

गुरुवारी मूलला उतरून पुढच्या गाडीनं हरणघाटाचा पूल ओलांडला. खाली वैनगंगा, पलीकडं गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. १९९३ पासून तिथं दारूबंदी आहे. चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ होती. त्या काळात लॉजवर 'सगळी सोय आहे का' असं विचारणारा पाहुणा काय विचारतोय, ते काउंटरवरच्या पोरांना बरोबर कळायचं. पूल ओलांडून आम्ही गेलो त्या मार्कंड्याला मात्र सोयीची गरज नाही. नदी इथं वळून उत्तरेकडं वाहते आणि काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. खजुराहोवाले आपल्याला मध्य प्रदेशचं मार्कंडा म्हणत नाहीत, ही आमची जुनी खंत. दगडात कोरलेल्या बायकांच्या केसांचे अंबाडेसुद्धा वेगवेगळे आहेत. बायको आणि वहिनी त्यातले मोजत बसल्या. मेहुणे पहिल्यांदाच काही मोजत नव्हते. पायरीवर बसून नदीकडं बघत होते.

शेवटचं वर्तुळ हेमलकशाचं. गाडी ठरवली. ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत.

"किती तास?" मेहुणे म्हणाले.

"चार खर्रे."

हे एकक मेहुण्यांच्या कोष्टकात नव्हतं. पण ते अचूक निघालं. पहिला खर्रा गोंडपिपरीला संपला, दुसरा आष्टीच्या पुढं, तिसरा आलापल्लीत. आलापल्लीचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, हे तिथल्या माणसानं आम्हाला न विचारता सांगितलं. आमच्या झाडाला अयोध्या जवळ पडली, आम्हाला आलापल्ली लांब. चौथा खर्रा संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी जंगल इतकं जवळ आलं की बोलणं आपोआप हळू झालं.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावर सांगायचं तर वेगळा लेख होईल. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी तो सुरू केला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथं राहिले, एवढं मराठी वाचकाला पाठ आहे. पुढं भामरागडला नद्या भेटतात: इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं एकच मथळा यायचा, 'भामरागडचा संपर्क तुटला'. मी पुण्यात तो वाचत आलो, आणि तुटला तो भामरागडचा, आपला नव्हे, असंच समजत आलो.

तिथं एका टपरीवर चहा घेतला. टपरी चालवणारी बाई माडिया असावी. मराठी बोलताना शब्द जपून ठेवत होती. तिनं मेहुण्यांना विचारलं, "कुठून आले?"

"पुण्याहून."

"ते कुठं?"

मेहुण्यांनी हातानं दिशा दाखवली, कुठलीतरी. रेल्वेनं इतके तास, मग गाडीनं इतके, असं सगळं व्यवस्थित सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव आली.

"फार दूर राहता तुम्ही," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात थोडा चहा आणखी ओतला.

परतीच्या चार खर्ऱ्यांत मेहुणे एक शब्द बोलले नाहीत. आष्टीला त्यांनी लॅमिनेट केलेला कागद पिशवीतून काढला, कंपासच्या टोकानं पडलेलं भोक बोटानं चाचपलं आणि कागद परत ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी मी एकटाच बाहेर पडलो. पठाणपुऱ्याकडं चालत गेलो. आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. गल्लीतला हातपंप मात्र आहे. मी दांडा एकदा दाबून पाहिला. आतून तोच आवाज आला, पाणी आलं नाही. दुकानाची फळी उघडणारा पोट्टा म्हणाला, "काही पायजे का जी?" मी नको म्हणालो. परत येताना पावलं मोजली. आमच्या दारापासून लॉजच्या दारापर्यंत पावणेसातशे. म्हणजे आमचं घरही मध्यवर्ती होतं, कार्ड मात्र कधी छापलं नव्हतं.

काउंटरवर मुलगा हिशेब करत होता. तोंडात खर्रा नव्हता, म्हणून पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "काकाजी, सकाळी सकाळी कोठी गेल्ते?"

"पठाणपुऱ्यात. आमचं घर होतं तिथं."

"तुमचं? म्हंजे तुमी चांद्याचेच?"

"इथंच जन्मलो. इथंच शिकलो."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. एकदा रजिस्टराकडं बघितलं, एकदा डोक्यामागच्या पाटीकडं, मग दाराकडं, कोणी ऐकलं तर नाही ना.

"मंग पयले सांगतलं नाही थे बरं केलं जी," तो हळूच म्हणाला. "लोकल मानसाले आमी रूम देत नाही."

आणि त्यानं माझं आधार कार्ड पुण्याचा पत्ता वर येईल असं उलटं करून माझ्या हातावर ठेवलं.